स्पॅनिशमध्ये तारीख बिनचूक कशी सांगायची: आकडे, वार, महिने आणि साल, याच क्रमाने

स्पॅनिश शिकायला लागल्यावर वार आणि महिन्यांची नावं पहिल्या काही आठवड्यांतच पाठ होतात. तरीही ‘परीक्षा मंगळवारी आहे’ किंवा ‘माझा जन्म १४ मार्च १९९८चा’ एवढंच सांगायचं म्हटलं की वाक्य मोडतं. नावं आठवत असतात. चुकतात ते त्यांच्या आजूबाजूचे बारके शब्द, म्हणजे एल, लोस, दे, एन, आणि त्याहून जास्त चुकतात आकडे. यादी पाठ झाली की विषय संपला असं धरून पुढच्या धड्याकडे जाऊ नका. खालच्या क्रमाने चला आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा उघडू नका.

## आधीची तयारी

फोनवर स्पॅनिश कीबोर्ड टाकून घ्या. स्वरावरची तिरकी रेघ आणि ‘न’वरची नागमोडी रेघ तुम्हाला पहिल्या दिवसापासून लागणार आहे. वहीत वार, महिने आणि आकडे मूळ स्पॅनिश लिपीत लिहा. इथे मी उच्चार देवनागरीत देतोय ते कानासाठी, स्पेलिंगची जागा ते घेणार नाहीत.

कोणत्या भागातला उच्चार शिकायचा तेही आताच ठरवा. लॅटिन अमेरिकेत बाराला ‘दोसे’ आणि मार्चला ‘मार्सो’ म्हणतात. स्पेनच्या बहुतेक भागात त्याच ‘स’च्या जागी जीभ दातांत धरून ‘थ’सारखा आवाज काढतात: ‘दोथे’, ‘मार्थो’. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मध्येच एकातून दुसऱ्यात उडी मारू नका. या लेखात लॅटिन अमेरिकी उच्चार धरलेत.

उच्चाराचे पाच नियम एवढ्यासाठी पुरतात:

- स्पॅनिशचे त आणि द आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’मधल्यासारखे दंत्य. इंग्रजीच्या सवयीने ‘मार्टेस’ म्हणू नका, ‘मार्तेस’ म्हणा. मराठी माणसाला इथे काहीच नवीन शिकायचं नसतं, इंग्रजीची सवय तेवढी सोडायची असते.
- इंग्रजीत ज्याला ‘व्ही’ म्हणतो ते अक्षर ‘ब’सारखं उच्चारतात.
- ‘जे’ अक्षराचा आवाज घशातून येणारा, खरखरीत ‘ह’.
- ‘एच’ अक्षराला आवाज नाही. ‘आज’साठीचा शब्द ‘ओय’, ‘होय’ नव्हे.
- ‘च’ कायम ‘चार’मधला, ‘चूक’मधला नव्हे.

## टप्पा १: आधी एक ते एकतीस

वारांपासून सुरुवात करू नका. तारखेत सर्वाधिक चुका आकड्यांच्या होतात, म्हणून आकडे आधी.

एक ते पंधरा सरळ पाठ करा: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, स्येते, ओचो, न्वेबे, द्येस, ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से.

सोळापासून रचना दिसायला लागते. ‘दहा आणि सहा’ जोडून द्येसिसेइस, मग द्येसिस्येते, द्येसिओचो, द्येसिन्वेबे. वीस म्हणजे बेइन्ते, आणि पुढे बेइन्तिउनो, बेइन्तिदोस, बेइन्तित्रेस असं करत बेइन्तिन्वेबेपर्यंत. तीस त्रेइन्ता, एकतीस त्रेइन्ता इ उनो. एकोणतीसपर्यंतचा आकडा एका शब्दात लिहितात, एकतीस मात्र तीन सुट्या शब्दांत.

मराठी डोक्याला इथे दोन ठिकाणी ठेच लागते. आपण ‘पंचवीस’मध्ये पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो, स्पॅनिशमध्ये वीस आधी, पाच नंतर. शिवाय आपले एकोणीस आणि एकोणतीस पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात. स्पॅनिशमध्ये वजाबाकी नाही, एकोणतीस म्हणजे सरळ ‘वीस आणि नऊ’. त्यामुळे मनात मराठी आकडा म्हणून त्याचं भाषांतर करत बसलात तर २५ आणि २९ दोन्हींवर अडकाल. अंक पाहूनच थेट स्पॅनिश म्हणायची सवय करा.

खबरदारी: दोस (२) आणि दोसे (१२), त्रेस (३) आणि त्रेसे (१३) यांत फक्त शेवटच्या ‘ए’चा फरक आहे. आपल्याला शब्दाचा शेवट गिळायची सवय असते. इथे शेवट गिळला की भेटीची तारीख दहा दिवसांनी हलते.

तपासा: कोणत्याही महिन्याचं कॅलेंडर समोर धरा आणि वरून खाली, म्हणजे सात-सातच्या उड्या मारत आकडे म्हणा: तीन, दहा, सतरा, चोवीस, एकतीस. सलग मोजणी सगळ्यांनाच जमते. अशा उड्या न अडखळता जमल्या तर पुढे जा.

## टप्पा २: वार

सोमवारपासून: लुनेस, मार्तेस, म्येर्कोलेस, ह्वेबेस, ब्येर्नेस, साबादो, दोमिंगो. स्पेनमधल्या कॅलेंडरचा आठवडा सोमवारी सुरू होतो. पहिला रकाना रविवारचा धरून वाचलात तर सगळे वार एका दिवसाने सरकतील.

पाठांतरासाठी मराठी वारांचा मोठा आधार आहे. सोमवार चंद्राचा, आणि स्पॅनिशमध्ये चंद्र म्हणजे लुना, म्हणून लुनेस. मंगळ ग्रह मार्ते, म्हणून मार्तेस. बुध मेर्कुरियो, गुरू हुपितेर, शुक्र बेनुस: म्येर्कोलेस, ह्वेबेस, ब्येर्नेस. सोमवार ते शुक्रवार दोन्ही भाषांत ग्रहांची जोडी तंतोतंत जुळते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही सोय फारशी मिळत नाही, तुम्ही ती जरूर वापरा. शनिवार-रविवारी जोडी तुटते, कारण साबादो आणि दोमिंगो ही नावं ग्रहांवरून आलेली नाहीत. ती दोन वेगळी पाठ करा.

जोर कुठे द्यायचा तेही नावाबरोबरच शिका: साबादोत ‘सा’वर, म्येर्कोलेसमध्ये ‘म्येर्’वर, दोमिंगोत ‘मिं’वर. पहिल्या दोन शब्दांत त्या स्वरावर तिरकी रेघ येते, बाकी पाच वारांवर येत नाही. आणि वाराचं पहिलं अक्षर वाक्याच्या मध्ये लहान लिपीतच राहतं. इंग्रजीच्या सवयीने मोठं अक्षर काढणं ही लेखी परीक्षेतली नेहमीची चूक आहे.

## टप्पा ३: ‘सोमवारी’ आणि ‘दर सोमवारी’

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यायला हवा. बहुतेक जण नेमका हाच उरकून टाकतात.

मराठीत ‘सोमवार’चं ‘सोमवारी’ होतं, शब्दाचा शेवट बदलतो. स्पॅनिशमध्ये वार जसाच्या तसा राहतो आणि त्याच्या आधी ‘एल’ येतो. ‘मंगळवारी माझा वर्ग आहे’ म्हणजे ‘तेन्गो क्लासे एल मार्तेस’. या ‘एल’मध्येच ‘ला, ई, रोजी’ सगळं आलं. त्याच्या आधी आणखी ‘एन’ लावून ‘एन एल मार्तेस’ म्हणायचं नाही.

‘एल’चा ‘लोस’ केला की तीच गोष्ट दर आठवड्याची होते. ‘तेन्गो क्लासे लोस मार्तेस’: दर मंगळवारी वर्ग असतो. एका अक्षरगटाने अर्थ किती बदलतो पाहा. नोकरीच्या मुलाखतीत ‘मी रविवारी काम करू शकतो’ म्हणताना ‘एल दोमिंगो’ म्हणालात तर तुम्ही एका रविवारचं कबूल केलंत. ‘लोस दोमिंगोस’ म्हणालात तर सगळ्या रविवारांचं.

अनेकवचनात लुनेस ते ब्येर्नेस या पाच नावांना काहीच जोडायचं नाही, ती मुळातच ‘स’वर संपतात. साबादो आणि दोमिंगो मात्र साबादोस, दोमिंगोस होतात.

‘एल’ लागत नाही अशा दोन जागाही लक्षात ठेवा. ‘आज सोमवार आहे’ म्हणजे ‘ओय एस लुनेस’, इथे वाराचं नाव सांगतोय, कधी ते नाही. आणि ‘सोमवार ते शुक्रवार’ म्हणजे ‘दे लुनेस आ ब्येर्नेस’.

तपासा: ही चार वाक्यं तोंडी करा: आज गुरुवार आहे; बैठक गुरुवारी आहे; बैठक दर गुरुवारी असते; दुकान सोमवार ते शनिवार उघडं असतं. पहिल्यात आणि चौथ्यात तुम्ही ‘एल’ घातलात तर टप्पा पुन्हा वाचा.

## टप्पा ४: महिने

एनेरो, फेब्रेरो, मार्सो, आब्रिल, मायो, हुनियो, हुलियो, आगोस्तो, सेप्त्येम्ब्रे, ओक्तुब्रे, नोब्येम्ब्रे, दिस्येम्ब्रे.

इंग्रजी महिने माहीत असल्यामुळे हे पटकन बसतात. जानेवारी तेवढा वेगळा वाटतो, त्याला दोनदा जास्त घोका. महिन्यांवर तिरकी रेघ कुठेच नाही आणि पहिलं अक्षर इथेही लहानच. सप्टेंबर मधला ‘प’ गाळून ‘सेत्येम्ब्रे’ असाही लिहिलेला दिसेल, तोही मान्य आहे.

महिन्याला ‘एन’ लावतात: ‘मे महिन्यात’ म्हणजे ‘एन मायो’. म्हणजे वाराला एल, महिन्याला एन. या दोघांची अदलाबदल झाली की वाक्य लगेच परकं वाटतं.

महिन्याचा भाग सांगायला तीन तयार शब्दगट आहेत: आ प्रिन्सिपियोस दे मायो (मेच्या सुरुवातीला), आ मेदियादोस दे मायो (मध्यावर), आ फिनालेस दे मायो (अखेरीस). नेमकी तारीख ठाऊक नसेल तेव्हा हेच वापरा.

खबरदारी: हुनियो (जून) आणि हुलियो (जुलै) यांत फक्त न आणि ल यांचा फरक आहे. फोनवर तो ऐकू येत नाही. विमानाचं तिकीट, डॉक्टरांची वेळ असं काही ठरवत असाल तर महिन्याचा आकडाही विचारून घ्या: सहावा की सातवा.

## टप्पा ५: पूर्ण तारीख जोडणे

आता तुकडे एकत्र करा. क्रम आपलाच आहे: दिवस, महिना, साल. मधल्या प्रत्येक सांध्यात ‘दे’ येतो.

शनिवार, ८ ऑगस्ट २०२६ ही तारीख घेऊ. वार: साबादो. आकडा: ओचो. सांधा: दे. महिना: आगोस्तो. पुन्हा सांधा: दे. साल: दोस मिल बेइन्तिसेइस. सलग म्हणा: ‘साबादो, ओचो दे आगोस्तो दे दोस मिल बेइन्तिसेइस’. दुसरा ‘दे’ गाळण्याची चूक फार होते, कारण मराठीत आपण ‘आठ ऑगस्ट दोन हजार सव्वीस’ असं काही न जोडता म्हणतो.

त्या तारखेला काही घडणार असेल तर पुढे पुन्हा ‘एल’ येतो: ‘ला बोदा एस एल ओचो दे आगोस्तो’, लग्न ८ ऑगस्टला आहे. ‘आज ८ ऑगस्ट आहे’ म्हणताना नुसतं ‘ओय एस ओचो दे आगोस्तो’. टप्पा ३चाच नियम इथे चालतो. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात गाव आणि तारीख लिहितानाही एल येत नाही.

तारखेला क्रमवाचक लावू नका. इंग्रजीतल्या ‘सेकंड’, ‘थर्ड’च्या सवयीने ‘सेगुन्दो दे मायो’ म्हटलं जातं, ते चूक. दोस दे मायो, त्रेस दे मायो. अपवाद फक्त पहिल्या तारखेचा: लॅटिन अमेरिकेत ‘प्रिमेरो दे मायो’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘उनो दे मायो’ सर्रास ऐकू येतं आणि ‘प्रिमेरो’ही चालतं.

सरावासाठी खऱ्या तारखा घ्या, त्या विसरत नाहीत. स्पॅनिश भाषक देशांत तारखांची नावं रस्त्यांना देतात, त्यामुळे नकाशावरच धडा मिळतो. ब्युनोस आयरेसचा भव्य रस्ता ‘न्वेबे दे हुलियो’ (९ जुलै, अर्जेंटिनाचा स्वातंत्र्यदिन), उरुग्वेची राजधानी मोन्तेबिदेओ, तिथला मुख्य रस्ता ‘द्येसिओचो दे हुलियो’, माद्रिदमधला चौक ‘दोस दे मायो’. अशा नावांत महिन्याचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, कारण तिथे तो विशेषनामाचा भाग झालेला असतो. ब्युनोस आयरेसमध्ये ‘मायो’ हा शब्द ‘माशो’ असा ऐकू येईल. गोंधळू नका, महिना तोच आहे.

## टप्पा ६: साल

१९९८ आपण ‘एकोणीसशे अठ्ठ्याण्णव’ म्हणतो, इंग्रजीत त्याचे दोन तुकडे करतात. स्पॅनिशमध्ये दोन्ही चालत नाहीत. पूर्ण संख्या वाचायची: एक हजार, नऊशे, अठ्ठ्याण्णव. मिल नोबेस्येन्तोस नोबेन्ता इ ओचो. हजाराच्या आधी ‘एक’ लावायचा नाही, नुसतं ‘मिल’.

दशकं आधी पक्की करा: क्वारेन्ता (४०), सिंक्वेन्ता (५०), सेसेन्ता (६०), सेतेन्ता (७०), ओचेन्ता (८०), नोबेन्ता (९०). शतकांत तीन वाकडी आहेत: ५०० किन्येन्तोस, ७०० सेतेस्येन्तोस, ९०० नोबेस्येन्तोस. ‘न्वेबेस्येन्तोस’ असं तर्काने बनवू नका.

‘इ’ म्हणजे ‘आणि’, तो फक्त दशक आणि एकक यांच्यामध्ये येतो. शतकानंतर येत नाही. १८१६ म्हणजे मिल ओचोस्येन्तोस द्येसिसेइस, यात ‘इ’ला जागाच नाही. २००५ म्हणजे दोस मिल सिंको, इथेही नाही.

२०००नंतरच्या सालांत ‘दे’ऐवजी ‘देल’ ऐकू आला तर दुरुस्त करू नका, दोन्ही रूपं चालतात. लिहिताना ‘दे’ ठेवा. अंकात साल लिहिताना हजारानंतर टिंब किंवा स्वल्पविराम देऊ नका.

तपासा: १४९२, १८१०, १९६७ आणि १९७६ मोठ्याने वाचा. शेवटच्या दोघांत सेसेन्ता आणि सेतेन्ता स्पष्ट वेगळे ऐकू आले पाहिजेत. स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐका. जन्मसाल सांगताना हीच जोडी सर्वात जास्त दगा देते.

## टप्पा ७: विचारणे आणि उत्तर देणे

‘के दिया एस ओय?’ हा प्रश्न वारासाठी आणि तारखेसाठी दोन्हीसाठी विचारतात. ‘आ क्वान्तोस एस्तामोस?’ मात्र तारखेचाच प्रश्न, शब्दशः ‘आपण कितीवर आहोत?’ त्याचं उत्तरही त्याच साच्यात: ‘एस्तामोस आ ओचो दे आगोस्तो’. यात ‘आ’ गाळू नका आणि ‘एल’ घालू नका.

दिया (दिवस) हा शब्द ‘आ’वर संपत असूनही पुल्लिंगी आहे: एल दिया. मेस (महिना) आणि आन्यो (वर्ष) पुल्लिंगी, सेमाना (आठवडा) आणि फेचा (तारीख) स्त्रीलिंगी.

खबरदारी: ‘आन्यो’ लिहिताना ‘न’वरची नागमोडी रेघ कधीही विसरू नका. ती गेली की शब्दाचा अर्थ गुदद्वार होतो. वय सांगताना ‘तेन्गो बेइन्ते आन्योस’ (मी वीस वर्षांचा आहे) हे वाक्य तुम्ही अर्जात आणि ईमेलमध्ये हमखास लिहिणार आहात, म्हणून कीबोर्ड आधीच टाकून घ्यायला सांगितला.

## टप्पा ८: काल, उद्या, परवा

आयेर काल, ओय आज, मान्याना उद्या. आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना चालतो, स्पॅनिशमध्ये शब्द वेगळे आहेत: मागचा परवा आन्तेआयेर, पुढचा परवा पासादो मान्याना. ‘पासादो’ म्हणजे सरलेला, त्यामुळे अनेक जण पासादो मान्यानाला मागचा दिवस समजतात. अर्थ ‘उद्या सरल्यावर’ असा आहे.

मान्याना म्हणजे उद्या आणि ला मान्याना म्हणजे सकाळ. ‘उद्या सकाळी’ म्हणायला शब्द दोनदा येतो: मान्याना पोर ला मान्याना.

मागचा सोमवार एल लुनेस पासादो, पुढचा आठवडा ला सेमाना के ब्येने. ‘तीन दिवसांपूर्वी’मध्ये आपण ‘पूर्वी’ शेवटी लावतो, स्पॅनिशमध्ये तो शब्द आधी येतो: आसे त्रेस दियास. तीन दिवसांनी: देन्त्रो दे त्रेस दियास.

‘एल प्रोक्सिमो ब्येर्नेस’, म्हणजे पुढचा शुक्रवार, हा मात्र जपून वापरा. या आठवड्याचा की त्यानंतरचा, यावर तिकडच्या माणसांतही एकमत नसतं. सोबत तारीख जोडा.

‘किन्से दियास’ मराठी माणसाला लगेच कळतो. आपण ‘पंधरा दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा दोन आठवडेच मनात असतात, स्पॅनिशमध्येही तसंच. ‘ओचो दियास’, आठ दिवस, हाही बोलताना आठवड्यासाठी येतो. पण पैसे भरायची मुदत असेल तर मोजत बसू नका, नेमकी तारीख लिहून मागा.

## टप्पा ९: अर्ज, वेळापत्रक आणि आकड्यांतली तारीख

अर्जावर ‘फेचा दे नासिमियेन्तो’ दिसलं की जन्मतारीख भरा. आकड्यांचा क्रम दिवस, महिना, साल. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल. अमेरिकेतल्या संस्थांचे अर्ज स्पॅनिशमध्ये असले तरी त्यांत महिना आधी असू शकतो, म्हणून रकान्याखालची सूचना वाचा.

स्पेनमधल्या वेळापत्रकांवर वारांची फक्त आद्याक्षरं असतात. मंगळवार आणि बुधवार दोघंही ‘एम’ने सुरू होत असल्यामुळे बुधवारला तिथे ‘एक्स’ हे अक्षर देतात. त्या अक्षराचा अर्थ ‘बंद’ असा लावून बुधवारची बस सोडू नका.

सुट्टीच्या दिवसाला स्पेनमध्ये ‘फेस्तिबो’ आणि लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘फेरियादो’ म्हणतात. कामाचा दिवस ‘दिया लाबोराब्ले’ किंवा ‘दिया आबिल’. ‘पाच दिया आबिलेसमध्ये उत्तर मिळेल’ असं लिहिलं असेल तर शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून मोजा.

यापुढे फोनचं कॅलेंडर स्पॅनिशमध्ये ठेवा आणि रोज वहीच्या वर वार, तारीख, महिना, साल पूर्ण शब्दांत लिहा. अंकात नाही, शब्दांत. लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि तीन गोष्टी पाहा: दोन्ही ‘दे’ आहेत का, पहिली अक्षरं लहान आहेत का, आणि सालात ‘इ’ फक्त जागेवरच आलाय का.